वजनकाटा: आधी १ स्टार दिला होता, सोळा महिने वापरून आता ४ देतोय

मागच्या डिसेंबरात मी याच मशीनला एक स्टार देऊन लिहिलं होतं, "भंगार माल, पाच आठवडे एकच आकडा दाखवतंय, घेऊ नका." ते मागे घेतोय. पूर्ण नाही घेत, कारण याच्यात खोडी आहेत आणि त्या सांगणारच आहे, पण ज्या गोष्टीसाठी शिव्या घातल्या त्यात मशीनचा काहीच दोष नव्हता. आकडा खरंच हलत नव्हता कारण मीच हलत नव्हतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. वय ४४, उंची पाच फूट सहा, विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, नोकरी फोर्टला, म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास आणि मधले आठ तास खुर्ची. गेल्या वर्षी जूनमध्ये ब्लड रिपोर्टमध्ये एचबीए१सी (म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले अजून डायबेटीस नाहीये पण दारात उभा आहे. त्याच रात्री हा काटा मागवला. हजारच्या आतबाहेर किंमत, वर जाड काच, खाली चार पाय, दोन पेन्सिल सेल, १८० किलोपर्यंत मोजतो, ब्लूटूथ आहे. आईने बघून विचारलं, "याच्यातून तिकीट येतं का?" पूर्वी स्टेशनवर लाइटवाली मशीन्स असायची ना, नाणं टाकलं की चक्र फिरायचं आणि पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. मी म्हटलं नाही गं, यात फक्त वजन. "मग काय उपयोग," म्हणाली. पहिल्या दिवशीचं वजन ९१.६.

आता मशीनबद्दल. याच्या चारही पायांत सेन्सर आहेत, त्यावर किती दाब पडतो ते मोजून बेरीज करतात, त्यामुळे चारही पाय सपाट आणि कडक जमिनीवर टेकलेच पाहिजेत. आमच्या जुन्या बिल्डिंगीत सपाट जमीन हा प्रकार नाही. हॉलमधल्या मोझॅक लादीवर एक आकडा, किचनमध्ये दुसरा, आणि मोरीजवळच्या शहाबादीवर तर ६०० ग्रॅमचा फरक! सतरंजीवर वगैरे ठेवून मोजणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. शेवटी किचनच्या दाराजवळ एक लादी बरी सापडली, तिथे पेन्सिलने चार पायांच्या खुणा केल्या आणि काटा रोज तिथेच. उचलून ठेवल्यावर पहिला आकडा धरायचा नाही, उतरायचं, झिरो होऊ द्यायचं, मग परत चढायचं. खात्री करायला वाण्याकडून आणलेला तांदळाचा २५ किलोचा कट्टा ठेवला, २५.१ दाखवलं, तेवढं तर गोणपाटाचं असेल. म्हणजे मोजायला पक्का आहे.

खोड मात्र एक आहे आणि ही कुठेच लिहिलेली नसते म्हणून नीट सांगतो. हे मशीन मागचा आकडा लक्षात ठेवतं आणि नवीन वजन त्याच्या अगदी जवळ असलं की सरळ जुनाच आकडा परत दाखवतं, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं वा काय अचूक आहे, तीनदा चढलो तीनदा तेच! मी हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन चढलो तर वाढलं, पण पाव लिटरच्या बाटलीला हलेच ना, तेव्हा चोरी पकडली. उपाय सोपा आहे, आधी एकदा काहीतरी जड घेऊन चढायचं (मी पाच किलोचं आट्याचं पाकीट घेतो), ते ठेवून मग रिकाम्या हाताने चढायचं. सकाळी सकाळी बनियनवर आट्याचं पाकीट छातीशी धरून उभा असलेला माणूस बघून पोरगी हसते, हसू दे.

हां तर वजन. पहिल्या पंधरा दिवसांत ३.२ किलो गेलं. मी हवेत! साखर बंद, भात अर्धा, रात्री दोन पोळ्या, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाऐवजी चालत. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. मग बसून एक्सेल शीट बनवली, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, रोज ५०० कमी खाल्ल्या तर महिन्याला दोन किलो, फॉर्म्युला खाली ओढत गेलो तर पुढच्या गणपतीला थेट ६२ किलो. लग्नातला सूट काढून ठेवला होता मी, खोटं नाही सांगत.

जुलैत दोन किलो गेले, ऑगस्टमध्ये पावणेदोन, सप्टेंबरात सव्वा, ऑक्टोबरात एक आणि त्यातही दिवाळीचा फराळ. नोव्हेंबरच्या मध्यावर ८१.९ झालं आणि तिथे जे थांबलं ते थांबलंच. पाच आठवडे. कधी ८२.३, कधी ८१.७, परत ८१.९. खाणं तेच, चालणं तेच (असं मला वाटत होतं, त्यावर येतो). थायरॉइड पण करून घेतलं, नॉर्मल. मग राग मशीनवर आणि एक स्टार.

माझी भाची डाएटिशियन आहे, परळला एका हॉस्पिटलात. तिला फोन करून म्हटलं अगं चांगला काटा सांग एखादा, हा बिघडलाय. तिने सगळे आकडे पाठवायला लावले, एक्सेल शीटसकट, आणि दहा मिनिटांनी तिचा फोन. "मामा, काटा नाही बिघडलेला, तुझी शीट बिघडलीय."

तिने जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा मनस्ताप वाचला असता, म्हणून इथे लिहितोय, काट्याचा रिव्ह्यू वाचायला आलेल्यांनी जरा सहन करा.

पहिली गोष्ट, ते पहिल्या पंधरवड्याचे तीन किलो सगळे चरबीचे नव्हतेच. लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात साधारण अर्धा किलो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. भात-साखर अचानक कमी केली की तो साठा उतरतो आणि पाणीही त्याच्याबरोबर जातं. दीड-दोन किलो असेच सुटतात. म्हणजे मी ज्या वेगावर सूट काढून ठेवला तो वेग मुळात बाथरूममध्ये गेलेल्या पाण्याचा होता.

दुसरी गोष्ट, ती सरळ रेघ. ५०० गुणिले ३० भागिले ७७०० हा हिशोब १९५८ सालातला, विश्नॉफ्स्की नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरचा, आणि त्याने अर्ध्या जगाला फसवलंय. गणित चुकीचं नाही पण ते धरून चालतं की माणूस ९१ किलोचा असो की ८१ चा, खर्च तेवढाच. खर्च कसा तेवढाच राहील? दहा किलोचं गाठोडं खांद्यावरून उतरवलं तर विक्रोळीचा जिना चढायला कमीच दम लागणार ना. अमेरिकेत केविन हॉल नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी याचं नीट मॉडेल बांधलं, २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. आणि त्यांच्या पुढच्या कामातला हिशोब असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. माझे जवळपास दहा किलो गेलेले, म्हणजे रोज २००-३०० कॅलरी खर्च आपोआप कमी. माझी जूनमधली ५०० ची तूट मी काहीही न करता निम्म्यावर आलेली.

आणि दुसऱ्या बाजूने भूक. तोच हिशोब सांगतो की प्रत्येक किलोमागे भूक रोज साधारण १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे खर्चापेक्षा भूक तीन-चारपट जोरात मागे खेचते! चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हॉर्मोन सोडतात (हे सापडलंच मुळी १९९४ साली), चरबी कमी झाली की लेप्टिन उतरतं आणि मेंदूला वाटतं घरात दुष्काळ पडला. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये वजन उतरवलेल्या लोकांची अशी हॉर्मोन्स वर्षभराने परत तपासली तर भूक वाढवणारी गडबड वर्षानंतरही तशीच होती. हे ऐकून मला खरंतर हायसं वाटलं. ऑक्टोबरपासून संध्याकाळी सीएसएमटीला वडापावच्या वासाने जो जीव जायचा तो मी नालायक आहे म्हणून जात नव्हता तर.

फार घाईने उतरवलं की खर्च हिशोबापेक्षाही खाली जातो म्हणे. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत लोकांनी काही महिन्यांत प्रचंड वजन घटवलं होतं, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं (हे २०१६ मध्ये छापून आलं), बऱ्याच जणांचं वजन परत आलेलं आणि तरी आराम करतानाचा खर्च त्यांच्या वजनाच्या मानाने रोज ५०० कॅलरींनी कमीच. सहा वर्षांनी! म्हणून भाचीने मला "आणखी एक पोळी कमी करू का" यावर सरळ नाही म्हटलं.

आता ते "खाणं तेच, चालणं तेच". इथे माझी इज्जत गेली. भाची म्हणाली एक आठवडा सगळं वजन करून लिही, तेलसुद्धा. आमच्याकडे किचनचा छोटा काटा आहे, बायको केकसाठी वापरते. जूनमध्ये आम्ही भाजीला चमच्याने मोजून तेल घालायचो, डिसेंबरपर्यंत परत बुधलीतून धार सुरू झालेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एका चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम तेल धरलं तर ४५ कॅलरी, आणि आमची धार चार चमच्यांची निघाली. कोशिंबिरीत दाण्याचं कूट "थोडंसंच" ते ३० ग्रॅम, म्हणजे १७० कॅलरी. गुरुवारचा उपास, त्यात साबुदाण्याची खिचडी, उपास म्हणून मोजायचीच नाही! ऑफिसात बर्थडे असला की वेफर्स, ते उभ्याने खाल्लेले म्हणून धरायचे नाहीत. आणि चालणं? पावसात जी शेअर रिक्षा पकडली ती दिवाळीनंतरही आठवड्यातून तीनदा चालूच. आठवड्याच्या शेवटी बेरीज केली तर रोजची ५०० ची तूट उरली होती ८०.

मी एकटाच असा नाही हे वाचून बरं वाटलं. १९९२ साली अमेरिकेत "आम्ही एवढंसं खातो तरी उतरत नाही" म्हणणाऱ्यांना खरोखर मोजून बघितलं होतं, तर लोक खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मुद्दाम नाही हां, प्रामाणिकपणे. माझ्या धारेसारखंच.

जानेवारीपासून जे केलं ते काही फार ग्रेट नाही. तेल परत चमच्याने. सकाळी पोह्यांच्या जोडीला दोन अंडी, दुपारच्या डब्यात मूग-मटकी किंवा दही असलंच पाहिजे, रविवारी चिकन आणि मधे कधी बांगडा, तळलेला नाही, तव्यावर (बांगडा तव्यावर करायचा म्हणजे थोडं मन मारावं लागतं). प्रोटीनचं एक बरं असतं, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी ते पचवण्यातच जातात, तेला-तुपाच्या बाबतीत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आत. दुसरं म्हणजे डंबेल्स. नुसत्या डाएटने चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि स्नायू गेले की खर्च आणखी कमी, म्हणून आठवड्यातून तीनदा घरीच वीस मिनिटं, पाच-पाच किलोची जोडी, उठाबशा आणि भिंतीला टेकून पुशअप. गंमत म्हणजे हे सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत वजन ७०० ग्रॅम वाढलं! अंग दुखतं तेव्हा स्नायूंत पाणी धरून राहतं. हे माहीत नसतं तर या काट्याला मी झिरो स्टार दिला असता, सोय नाही ही वेगळी गोष्ट.

आणि काटा वापरायची पद्धत बदलली, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडला. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी चढायचं, आकडा लिहायचा आणि विसरून जायचं. रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि ती फक्त चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी लावून बघायची. कालच्या आकड्याशी आजचा आकडा लावायचा नाही, कारण शनिवारी रात्री चायनीज खाल्लं की रविवारी मिठाने धरलेलं पाणी सव्वा किलो दाखवतं, बुधवारपर्यंत गायब. बायकांचं पाळीच्या आधी होतं तसंच, माझी बायको दर महिन्याला दीड किलोने घाबरायची, आता नाही. त्याच रविवारी शिंप्याची टेप बेंबीवरून. जे पाच आठवडे काटा हलला नाही त्यातही माझी कंबर दोन सेंटीमीटर उतरली होती असं पँटच्या पट्ट्यावरून नंतर लक्षात आलं, मोजलं कुठे होतं तेव्हा.

यावरून या काट्याचं ते बॉडी फॅटवालं फीचर, म्हणजे अंगात चरबी किती टक्के ते दाखवणारं. फुकट आहे. म्हणजे फुकट मिळतं आणि फुकटच आहे. पायाखालच्या पट्ट्यांतून अगदी बारीक करंट सोडतात आणि तो कसा जातो त्यावरून अंदाज बांधतात, मग पाणी प्यायलात, घामाघूम आलात, पाय ओले असले की आकडा पळतो. मला एकाच दिवशी सकाळी ३१ टक्के आणि रात्री २८ टक्के दाखवलं, एका दिवसात तीन टक्के चरबी गेली म्हणजे पेढे वाटायला पाहिजेत. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर हे फीचर वापरायचंच नाही, त्यांनी साधा काटा घ्या. पण चरबीचा मुद्दा मुळात महत्त्वाचा आहे, विशेषतः आपल्यासाठी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो भाचीने पाठवला, त्यांच्या शेजारी ब्रिटिश डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, आणि चरबी युडकिन साहेबांची ९.१ टक्के तर आपल्या याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये लॅन्सेटला आलेला आहे. दिसायला बारीक आणि आत लोणी असा आपला प्रकार, त्यामुळे टेप घ्याच. भारतीय पुरुषांना कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांना ८० च्या आत, असं धरतात. माझी १०४ होती, आता ९३.

आजचं वजन ७६.८. म्हणजे जानेवारीपासून दहा महिन्यांत पाच किलो, महिन्याला जेमतेम अर्धा. जूनच्या त्या शीटप्रमाणे मी आत्तापर्यंत ६० ला टेकायला हवा होतो. केविन हॉलच्या मॉडेलमधला अजून एक हिशोब आता माझ्या शीटच्या वर लिहून ठेवलाय, रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरतं, पण त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि बाकीचं उतरायला अजून दोनेक वर्षं. म्हणजे वेग कमी होणारच असं धरूनच बसायचं. ऑफिसातल्या एकाने ती हल्लीची वजन उतरवायची, आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं घेतली, डॉक्टरच्या सल्ल्याने, त्याचं भराभर उतरलं आणि मी जळलो, पण त्याचंही वर्षभराने थांबलंच, आणि त्याच्या डॉक्टरने त्याला आधीच सांगितलं होतं की थांबेल. मला कुणी सांगितलं नव्हतं एवढाच फरक.

मार्च-एप्रिलमध्ये तर मी मुद्दाम थांबलो. आंबे होते. सहा आठवडे ठरवून फक्त आहे तिथेच राहायचं, ७९.५ च्या वर जायचं नाही. एका आंब्याचे पैसे वसूल करायचे तर तो मजेत खायला हवा, एक्सेल उघडून नाही. त्या सहा आठवड्यांत २०० ग्रॅम वाढले आणि डोकं शांत झालं. गणपतीत पाच दिवस कणकवलीला गावी होतो, उकडीचे मोदक मोजले नाहीत, परत आलो तर १.८ किलो वर. आठवड्याने पाहिलं तर १.३ आपोआप गेले होते. मागच्या वर्षी हेच झालं असतं तर चिडून अख्खा आठवडा उपाशी राहिलो असतो आणि शुक्रवारी दोन वडापाव हाणले असते.

मग रोज काट्यावर चढावं का, हा प्रश्न खूप जण विचारतात. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवलीय, किमान १३.६ किलो घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची, त्यातले ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मला रोज जमतं कारण आकड्याचा राग येणं बंद झालंय. ज्यांना आकडा बघून दिवस खराब जातो त्यांनी रविवारीच करा. आणि घरात कॉलेजमधली पोरगी असेल आणि ती दिवसातून तीन-चारदा चढताना दिसली तर काटा कपाटावर ठेवून द्या आणि तिच्याशी बोला, हे मी आमच्याच मजल्यावर बघितलंय म्हणून सांगतोय.

मशीनचं बाकी सगळं ठीक. काच दोनदा बादली आपटूनही शाबूत, सेल वर्षात एकदाच बदलले, अंधारात आकडा नीट दिसतो, आईला चष्म्याशिवाय दिसतो. मोजायला पैसा वसूल.

एक स्टार कापलाय याच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपसाठी. माझ्यासारखीच एक्सेल शीट त्याच्या आतही बसवलेली आहे बहुतेक, कारण ८१.९ वर अडकलो होतो तेव्हा रोज सकाळी साडेसातला, ऐन लोकल पकडायच्या वेळी, "तुमचं आदर्श वजन ६२ किलो, तुम्ही मागे पडला आहात" असा मेसेज यायचा आणि बंद करायचं बटण कुठेही सापडलं नाही. अ‍ॅप उडवून टाकलं, काटा त्याच्याशिवाय मस्त चालतो. घेतलात तर फक्त एक करा, लादीवरच्या पेन्सिलच्या खुणा पुसू नका असं झाडू-पोछाच्या मावशींना आधीच सांगून ठेवा, माझ्या दोनदा पुसल्या गेल्या.